बसका बैल

संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं गिरगावातून लालबागला पोचवायची म्हणून मनमोहनने भंगारातली मोटारसायकल आणली आणि पुस्तकात बघून बघून ती दुरुस्त करायला शिकला. एरवी ती धड चालायची. मोर्चाच्या सकाळी मात्र दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची.

“काय रे, तुझा बैल आजपण बसला?” चाळीतली मंडळी हसत पुढे निघून जायची. आपले हातच करंटे, असं म्हणत तो पुन्हा कार्बोरेटर खोलून बसायचा. बायको, सुमती, निमूट चहा आणून द्यायची. फाउंटनला गोळीबार झाला, त्या दिवशी तिथे गेलेला तिचा धाकटा भाऊ घरी परतला नव्हता.

महाराष्ट्र झाला त्या सकाळी चाळीला तोरणं लागली. मिरवणूक निघायच्या बेतात होती, पण मनमोहनला गाडीला हात लावायचा धीर होईना.

“नको गं, आजच्या दिवशी तरी हसं नको.”

सुमतीने हँडलला झेंडूची माळ बांधली.



“अहो, मारा किक. आज मी टाकीत पाणी नाही ओतलं.”