सोमवारचा भार

कंपनीच्या वेबसाइटवर किती माणसं येतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढे सर्व्हर तयार ठेवायचे, हे संघरत्नाचं काम. ती शहापूरला घरूनच ते करायची. तिचे बाबा त्याच कंपनीच्या मुरबाडच्या कारखान्यात मशीनवर होते. कामगारांचं पोर्टल कायम रडतखडत चालायचं, आणि कारखान्यात त्याचे टोमणे बाबांना ऐकावे लागायचे.

म्हणूनच साहेबांचा निरोप आला तेव्हा तिला बरं वाटलं.

"सोमवारी सकाळी सगळे कामगार एकदम पोर्टल उघडतील. एकही अडकता कामा नये."

"सगळे एकदम? काय आहे सर त्या दिवशी?"

"ते वरचे बघतील. तू सर्व्हर वाढव."

दिवाळी तोंडावर आली होती. काहीतरी चांगलंच जाहीर होणार, असं तिनं मनाशी धरलं. तिनं सर्व्हर तिप्पट केले, हजारो खोट्या वापरकर्त्यांचा भार टाकून पुन्हापुन्हा तपासले आणि बाबांना फोन लावला. "उद्या बघा, कसं पळतं तुमचं पोर्टल! सांगा सगळ्यांना, माझ्या लेकीनं केलंय म्हणून."

बाबांनी खरंच सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी तिच्या स्क्रीनवर भाराची रेघ सरसर वर चढली, पण एकही सर्व्हर अडखळला नाही. साहेबांनी शाबासकी दिली. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज नव्हता.



"संघू, एका झटक्यात उघडला गो तुजा पोर्टल. सगल्यांना एकाच टायमाला कलला, कारखाना बंद केला म्हनून."