मगरीचा शालू

मेलबर्नच्या त्या हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळातले लोक शर्वरीच्या चित्रांसमोर गोंधळून उभे होते. मानवी भावना आणि त्यांची रूपांतरं असा विषय होता, पण सगळ्यांचं लक्ष समोशांकडे. पहिलंच प्रदर्शन, शर्वरी रडवेली झाली.

प्रदर्शनासाठी तिची आई आणि आत्या साताऱ्याहून आल्या होत्या. आत्याला हे बघवेना. ती पहिल्या चित्रापाशी जाऊन खणखणीत आवाजात सांगू लागली, "ही गळकी किटली म्हणजे विरह. आमचे हे दौऱ्यावर गेले की मी अशीच व्हायचे!" लोक हसले, जवळ आले. मग आत्या एकेक चित्र समजावत सुटली.

"आणि ही शालू नेसलेली मगर?" कुणीतरी विचारलं.

आत्या चित्राच्या अगदी जवळ गेली. "हा मत्सर," ती हळूच म्हणाली. "ही मीच."

शर्वरी घाबरली. "अगं आत्या, शालू मी आईच्या लग्नाच्या फोटोवरून काढलाय."

"ओळखला मी. आमच्या आईनं तो मला कबूल केला होता. नेसवला मात्र तुझ्या आईला."

शर्वरीची आई पुढे आली. "वन्सं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? मला टोचायचा हो तो! कपाटात नुसता पडलाय. घेऊन टाका."

आत्याचे डोळे भरून आले. "वहिनी, या वयात मला शोभेल का?"

आईनं चित्र नीट निरखलं. "मगरीला शोभतोय, मग तुम्हाला का नाही शोभणार?"