समोरच्या घरची पाहुणी

"काहीतरी जळतंय," लेफ्तेरिसची बायको इव्हांथिया म्हणाली.

"स्वयंपाकघरात बघ," खिडकीला चिकटलेला लेफ्तेरिस म्हणाला.

"तिथूनच आले मी."

समोर मिनासच्या घरी त्याच्या नामदिनाची, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाची, गर्दी उसळली होती. नामदिनाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यावंसं वाटतं तो येतो. म्हणून तर कोण कुठे गेलं हे डोळ्यांत खुपतं. लेफ्तेरिस आणि मिनास दोघंही एकाच पक्षाचे, दोघंही वोलोसचेच खासदार. आणि आत्ता मिनासच्या पायऱ्या चढत होती ती इस्मिनी. त्या अवाढव्य कंपनीची प्रतिनिधी, जिच्या साइटवर अख्खा देश खरेदी करतो, भांडतो आणि फसतो. हातात मिठाईचा हा एवढा मोठा डबा.

"समितीचा अध्यक्ष मी! या साइटवाल्यांचा नवा कायदा माझ्या हातात! आणि ही बया माझ्या दारावरून जाते, साधी मानसुद्धा वळवत नाही?"

"तुम्हाला कुठे गोड चालतं?" बायको म्हणाली.

लेफ्तेरिसचा तिळपापड झाला. काय आहे त्या मिनासमध्ये? नुसतं दात दाखवायला येतं मेल्याला!

दुसऱ्याच दिवशी त्यानं कायद्याचा मसुदा कडक केला. प्रत्येक साइटनं तपासनिसांची फौज ठेवायची, जबर अनामत भरायची. लहान असो, मोठी असो, नियम एकच. लोक कंपनीला विटलेलेच होते. चौकाचौकात लेफ्तेरिसचं कौतुक सुरू झालं.

पक्षाच्या बैठकीत मिनासनं त्याचा हात धरला. "लेफ्तेरिस, इतकं ताणू नकोस रे. बारकी माणसं मरतील."

ही मिठाई बोलतेय, लेफ्तेरिसनं ओळखलं. त्यानं अनामत दुप्पट केली.

मग पेलिओन डोंगरावरून आगोरित्सा मावशी त्याच्या कार्यालयात आली. तिथल्या सफरचंदवाल्यांनी मिळून स्वतःची छोटी साइट काढली होती, आणि त्यांच्याच मतांवर लेफ्तेरिस दर वेळी निवडून यायचा.

"बाळा, एवढी अनामत आम्ही कुठून आणायची? साइट बंद पडली तर माल झाडाखालीच कुजेल. आम्हाला तेवढी सूट दे."

शेवटी आपलीच माणसं. त्यानं पेन उचललंसुद्धा. इतक्यात खालच्या कॉफीच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला. त्यानं वाकून पाहिलं. मिनास आणि इस्मिनी, अगदी खांद्याला खांदा लावून.

"सगळ्यांना एकच नियम, मावशी," तो म्हणाला आणि पेन खिशात घातलं.

कायदा मंजूर झाला. तो लागू झाल्यावर काही दिवसांनी लेफ्तेरिसचा नामदिन आला आणि घर माणसांनी फुललं. डोंगरावरून मात्र कुणी आलं नाही. संध्याकाळी दारात इस्मिनी उभी राहिली.

"आली का आठवण?" सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "आता हातापाया पडून उपयोग नाही हं, बाई!"

"पाया पडायला नाही, आभार मानायला आलेय," ती हळूच म्हणाली. "बारक्या साइट एकूण एक बंद पडल्या. अनामत भरू शकलो ते फक्त आम्ही."

लेफ्तेरिसनं समोरच्या घराकडे पाहिलं. "पण... मिनास तर विरोधात होता!"

"तेही त्यांनीच ठरवलं होतं. आम्हाला म्हणाले, 'लेफ्तेरिसकडे चुकूनही जाऊ नका. माझ्याकडे याल तेव्हा मात्र त्याला दिसेल असं या.'"