उंबऱ्यावरचं लिंबू

दर अमावास्येला आमच्या उंबऱ्यावर आईला हळदकुंकू लावलेलं लिंबू सापडायचं. संशय समोरच्या परेशवर. त्याच्याशी बोलणं कधीच बंद झालं होतं. शेवटी तुळिंजच्या बाजारातून वायरलेस कॅमेरा आणला आणि आईला न सांगता त्याच्या दारावर रोखला.

अमावास्येच्या सकाळी कॅमेऱ्याला जोडलेला आतल्या खोलीतला टीव्ही लावला, तर पडद्यावर आमचंच दार. म्हणजे परेशनेही तसलाच कॅमेरा आमच्यावर रोखला होता, आणि वायर नसल्यामुळे लहरींची अदलाबदल होऊन त्याचं चित्र आमच्याकडे, आमचं त्याच्याकडे जात होतं.

मी कपाळाला हात लावून बघत बसलो. तेवढ्यात पडद्यावरचं दार उघडलं. आई बाहेर आली, पदराखालून लिंबू काढून तिनं उंबऱ्यावर ठेवलं, आणि आत येऊन मला म्हणाली, "बघ, आज परत ठेवलंय मेल्याने."