हिरवी पाटी

गोदामातून माल गायब होतो म्हणून साहेबांनी मागच्या संकटकालीन दाराला कुलूप ठोकलं. दारावरची ‘बाहेर पडण्याचा मार्ग’ ही हिरवी पाटी मात्र दिव्यासकट तशीच लखलखत राहिली. फोरमनने ही गोष्ट कानावर घातली, तर साहेब म्हणाले, “अहो, सुरक्षा समितीने पाटीचा फोटो बघून ‘उत्तम’ असा शेरा दिलाय. तुम्ही कशाला डोकं खाताय?”

ती समिती परवा पहिल्यांदाच गोदामात आली आणि नेमकं साहेबांचं भाषण चालू असताना धूर झाला. कामगार सवयीने पुढच्या शटरमधून बाहेर पडले. साहेब सगळ्यांच्या आधी.

“आले ना सगळे?” साहेबांनी धापा टाकत विचारलं.

फोरमनने हात पुढे केला.



“चावी द्या, साहेब. आपले सगळे आलेत, समिती तेवढी हिरव्या पाटीकडे धावलीय.”