थोरल्या दिराचं नाव

"नाव सांग, पोरी," म्हातारा मुल्ला दुसऱ्यांदा म्हणाला, आणि बुरुलला तिथून पळून जावंसं वाटलं.

यास्सावीबाबांच्या दर्ग्यात, निळ्या घुमटाखाली, भिंतीला लागून असलेल्या बाकावर ती मुल्लासमोर बसली होती. मांडीवर घरून तळून आणलेल्या रोट्यांची पुरचुंडी. डोंगरातल्या आपल्या नारीनहून बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली, सरहद्दीवर पासपोर्टावर शिक्का मारून घेतला, कझाकांच्या मुलखात आली. रिवाजाप्रमाणे आधी अरिस्तानबाबांच्या दर्ग्यात रात्र काढली, तिथल्या विहिरीचं खारट पाणी तोंड वेडंवाकडं करत प्यायली. सगळं कसं रीतसर. आणि आता घोडं अडलं होतं एका नावापाशी.

दुआ मागायची होती थोरल्या दिरासाठी. रशियात बांधकामावर गेला त्याला सहा वर्षं झाली. ना फोन, ना निरोप. सासू गुडघ्यांनी अधू, म्हणून तिनं गावोगावच्या बायकांच्या या यात्रेत सुनेला धाडलं होतं. "बाबांच्या दारात त्याच्या नावानं दुआ वाचून घे. जिथं असेल तिथून घराकडं वळेल."

"जिवंत आहे की गेला?" मुल्लानं आधी हेच विचारलं होतं.

"तेच तर कळत नाही, बाबा."

"बरं. मग नाव सांग."

आता सांगायचं कसं? सून होऊन घरात आली त्याच दिवशी सासूनं बजावलं होतं, सासरा, थोरला दीर, यांची नावं जिभेवर आली तर याद राख. तेव्हापासून दीर म्हणजे 'उंच भावजी'. दिराच्या खऱ्या नावाचाच एक दुकानदार गावात होता, तर बुरुल त्यालाही नावानं हाक न मारता साखर मागायची, मुलं हसायची.

"उंच भावजी," ती हळूच म्हणाली.

मुल्ला खो खो हसला. "अगं, खुदाच्या दुनियेत उंच भावजी काय थोडे आहेत? त्यातला कुठला म्हणून सांगू मी?"

लिहून द्यावं, तर मुल्लाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरेफटक.

तेवढ्यात यात्रेची म्होरकी असिलकान, सगळ्या बायकांची एजे, म्हणजे थोरली ताई, तरातरा आली. सकाळपासून ती बायकांना मेंढ्यांसारखी हाकत होती. "बुरुल! अगं बाई, अख्खी बस तुझ्यापायी खोळंबलीय. पुढच्या मुक्कामाला, आयशाबीबीच्या कबरीपाशी पोचायला अंधार पडेल. ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतोय!"

"एजे, बाबा नाव विचारतायत भावजींचं."

"मग सांग की."

"मी कशी सांगू?"

एजे कपाळाला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या कानात सांग. मी सांगते त्यांना."

"कानात सांगायचं म्हणजे घ्यायचंच ना!"

"मग बस मुक्यासारखी! मी चालले."

पण ती गेली नाही. बुरुलनं फोन काढला. नवरा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात, तिथं रेंज नाही. तिनं सासूला लावला.

"एने, बाबा नाव विचारतायत. तुम्हीच सांगा बाई." आणि फोनचा आवाज मोठा करून तो मुल्लाच्या कानाशी धरला. हायसं वाटलं तिला. एवढं आधीच कसं सुचलं नाही?

"हं, सांगा आई," मुल्ला म्हणाला. "लेकाचं नाव काय?"

"माझा थोरला..." फोनमधून आवाज आला. "माझा थोरला..."

मग नुसता श्वास. मागं चहाची किटली खदखदत होती, ती ऐकू येत होती. दूर फाटकाशी बसचा हॉर्न वाजला. एजेनं बुरुलची बाही ओढली.

"एने? ऐकू येतंय ना?"

"येत नाही गं," सासू म्हणाली. "तोंडातून बाहेरच येत नाही."

बुरुलच्या आता ध्यानात आलं. खरंच की, किती दिवसांत घरात कुणी ते नाव घेतलं नव्हतं! नवरा म्हणायचा 'दादा', मुलं म्हणायची 'मोठे काका', आणि म्हातारी नुसतं 'तो'. सगळ्यांत जास्त बडबडी म्हातारी, दिवसभर तिची टकळी चालू. पण ते एवढं एक नाव तिनं चुकूनही उच्चारलं नव्हतं. आणि बुरुलला वाटत आलं होतं, नाव न घेणारी घरात आपण एकटीच.

हॉर्न पुन्हा वाजला. मुल्ला दोन्ही तळवे पसरून वाट बघत होता.

"कलमुर्झा," बुरुल म्हणाली.

जरा जास्तच मोठ्यानं निघालं. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तिनं चटकन तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग!

मुल्लानं दुआ वाचली. 'कलमुर्झा' अगदी स्वच्छ म्हणाला, मग तळवे चेहऱ्यावरून फिरवले. बुरुलनंही फोन बाकावर ठेवून फिरवले. कान नुसते तापले होते. तिनं रोट्यांची पुरचुंडी मुल्लाच्या हातात दिली, फोन उचलला आणि एजेच्या मागं जवळजवळ पळत निघाली.

"एने, चुकलं माझं. पदरात घ्या. दुसरा इलाजच नव्हता."

आता कडाडेल, म्हणून बुरुलनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"पुन्हा म्हण," सासू म्हणाली.

बसमधल्या बायका तिच्यावर तोंडसुख घ्यायला टपूनच बसल्या होत्या. बुरुल पायरी चढली, पण आत गेलीच नाही. ड्रायव्हरशेजारी दांडा धरून उभी राहिली. गाडी सुटली. एजेनं बायकांना हातानंच गप्प केलं.

"कलमुर्झा," बुरुल फोनमध्ये म्हणत होती. "कलमुर्झा, एने. कलमुर्झा."

"जरा मोठ्यानं," म्हातारी म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."