जसाच्या तसा

न्हावऱ्याचे आबा लेकीचा लॅपटॉप घेऊन शिरूरला मुजीबच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. पासवर्ड त्यांना ठाऊक नव्हता. मुजीबनं धाकट्या भावाला, रहीमला, चहा आणायला पाठवलं आणि लिनक्सची सीडी घातली.

“इन्स्टॉल काय करायचं न्हाई, आबा. सीडीवरनंच चालतं, पासवर्ड लागत न्हाई. बंद केलं की लॅपटॉप जसाच्या तसा.”

“म्हंजी आपण बघितलेलं पोरीला कळायचं न्हाई?”

“अजिबात न्हाई.”

मुजीबनं फोटोंचं फोल्डर उघडलं. पहिल्याच फोटोत पोरीच्या खांद्यावर हात टाकून निळ्या चौकडीच्या शर्टातला एक मुलगा हसत होता.

आबांचा आवाज खाली आला. “ह्याला वळखता?”

मुजीबनं घाईघाईनं लॅपटॉप बंद केला. “न्हाई, आबा.”

“भाई, चहा आणलाय.” दारात रहीम उभा होता, त्याच निळ्या चौकडीच्या शर्टात.

आबांनी मागं वळून बघितलं.